विश्लेषण : मका, कडवळ की बाजरी? गोठ्यासाठी हंगामी चारा निवडताना काय पाहावे?

पावसाने ओढ दिली की दूध धंद्याचा हिशेब सर्वांत आधी चाऱ्यापाशी बिघडतो. दूध उत्पादनाच्या खर्चात साधारण ६० ते ७० टक्के वाटा जनावरांच्या खाद्याचा असतो. दुधाचा दर शेतकऱ्याच्या हाती नसला, तरी चारा बऱ्याच अंशी त्याच्या हाती असतो. दोन-सव्वादोन महिन्यांत कापणीला येणारी मका, कडवळ, चारा बाजरी ही पिके त्यासाठीच पेरली जातात. मात्र जमीन न पाहता निवडलेले पीक वाया जाते आणि अवेळी कापलेला चारा दावणीच्या जनावराच्या जिवावर बेतू शकतो. कोणते पीक कुठे पेरावे, किती पेरावे आणि कधी कापावे, याविषयी...

हंगामी चारा पिके म्हणजे नेमकी कोणती?

गवत म्हटले की बांधावरचा मारवेल किंवा गोठ्यामागचा नेपिअर डोळ्यांसमोर येतो. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मका, ज्वारी, बाजरी आणि मकचरी ही सगळी गवतेच आहेत. ही उष्ण हवामानातील गवते. तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास असले की ती झपाट्याने वाढतात आणि थंडी पडली की वाढ मंदावते. अन्न तयार करण्याची त्यांची पद्धत ‘सी-४’ प्रकारची असल्याने कडक उन्हात, मोजक्या पाण्यावरही ती गहू किंवा ओटपेक्षा अधिक चारा देतात. म्हणूनच रब्बीच्या थंडीत ओट, बरसीम आणि लसूणघास, तर खरीप व उन्हाळ्यात मका, कडवळ व बाजरी अशी विभागणी झाली आहे.

नेपिअरसारखे बहुवार्षिक गवत एकदा लावले की अनेक वर्षे कापता येते. पण ती जमीन अडकून पडते आणि वर्षभर पाणी लागते. हंगामी पिकाचे तसे नाही. कांदा निघाल्यानंतर आणि पुढचे पीक लागण्याआधी मिळणाऱ्या दोन महिन्यांतही ते घेता येते. वाट्याने शेती करणाऱ्यालाही ते परवडते. देशात लागवडीखालील जमिनीपैकी जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्र चाऱ्यासाठी राखलेले असते. महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेनुसार सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आणि ५६ लाख म्हशी आहेत. तेव्हा चाऱ्यासाठी नवी जमीन शोधण्यापेक्षा आहे त्या जमिनीतील रिकामे दोन महिने वापरणे, हाच बहुतेकांसाठी शक्य असलेला मार्ग आहे.

मका कोणी पेरावा?

ज्याच्याकडे मध्यम ते भारी, निचऱ्याची जमीन आणि खात्रीचे पाणी आहे, त्याने मका पेरावा. चाऱ्यासाठी सर्वाधिक प्रचलित वाण म्हणजे ‘आफ्रिकन टॉल’. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला हा वाण उंच वाढतो, त्याची पाने रुंद असतात आणि चांगल्या व्यवस्थापनात एकरी २०० ते २४० क्विंटल हिरवा चारा मिळतो. एकरी ३० किलो बियाणे लागते. दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून पाभरीने पेरणी केली की पुढे कोळपणी आणि कापणी दोन्ही सोपी जाते.

मक्यात साखरेचे प्रमाण चांगले असल्याने जनावरे तो आवडीने खातात आणि त्याचा मुरघासही उत्तम होतो. ज्वारीवर्गात असणारे विष मक्यात नसते, त्यामुळे पहिल्यांदाच चारा पीक घेणाऱ्यासाठी तो सर्वांत निर्धोक. मात्र मक्याला दोन गोष्टी सोसत नाहीत : साचलेले पाणी आणि लांबलेला ताण. खरिपात रोपे कोवळी असताना शेतात दोन-तीन दिवस पाणी तुंबले, तर पीक पिवळे पडून बसते. शिवाय मका एकदाच कापता येतो. त्याला पुन्हा फूट येत नाही.

आफ्रिकन टॉल हा संकरित नव्हे, तर संमिश्र वाण आहे. जवळपास दुसऱ्या मक्याचे शेत नसेल, तर दोन-तीन गुंठे कणसांसाठी राखून पुढच्या वर्षीचे बियाणे घरचे धरता येते. संकरित धान्य-मक्याचे दाणे मात्र बियाणे म्हणून वापरू नयेत. पुढच्या पिढीत वाढ एकसारखी राहत नाही.

कडवळ आणि बाजरी कुठे बरी?

हिरव्या चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी म्हणजे कडवळ. सोलापूर-मराठवाड्याच्या पट्ट्यात रब्बी ज्वारीच्या कडब्यावर पिढ्यान् पिढ्या जनावरे पोसली गेली. त्याच पिकाचे हे हिरवे रूप. पाऊस महिनाभर गायब झाला तर मका करपतो, कडवळ मात्र वाढ थांबवून तग धरते आणि पाऊस येताच पुन्हा उभे राहते. चाऱ्यासाठी राहुरीचे ‘रुचिरा’, ‘फुले अमृता’, ‘फुले गोधन’ हे वाण आहेत. एकरी १६ किलो बियाणे, दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर आणि ६५ ते ७५ दिवसांत कापणी, असे त्याचे साधारण गणित. खरिपात पेरणी जुलैच्या मध्यापुढे लांबली की खोडमाशीचा त्रास वाढतो; म्हणून पहिल्या चांगल्या पावसावर पेरणी उरकलेली बरी.

हलकी, मुरमाड जमीन आणि बेभरवशाचा पाऊस असेल तर बाजरीला पर्याय नाही. ‘जायंट बाजरा’ हा राहुरीचाच वाण ५५ ते ६० दिवसांत कापणीला येतो. एकरी अवघे चार किलो बियाणे लागत असल्याने पेरणीचा खर्च सर्वांत कमी. बी बारीक असते, त्यामुळे ते दोन ते अडीच सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये. खोल पडलेले बी उगवतच नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो. ज्वारीतील विषाचा धोका बाजरीत नाही. कोवळ्या बाजरीत ऑक्झलेट असते आणि ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे दुभत्या जनावराला सलग अनेक दिवस केवळ बाजरीवर ठेवू नये आणि खुराकात खनिज मिश्रण चुकवू नये.

खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या शेतात यातले काहीच नीट येत नसेल तर मकचरी पेरून पाहावी. मक्याची ही जवळची नातलग ओलावा सोसते, तिला भरपूर फुटवे येतात आणि चारा रसाळ असतो. बियाणे एकरी साधारण १६ किलो लागते.

एकदाच कापायचे की अनेकदा?

पेरणीआधी विचारायचा हा दुसरा प्रश्न. मका आणि कडवळीचे बहुतेक वाण एका कापणीचे. एकाच वेळी भरपूर चारा हवा असेल, मुरघास करायचा असेल किंवा शेत लगेच पुढच्या पिकासाठी मोकळे हवे असेल, तर तेच योग्य.

रोज थोडा-थोडा हिरवा चारा हवा असेल आणि पाण्याची सोय असेल, तर बहुकापणीचे वाण परवडतात. ज्वारी व सुदान गवत यांच्या संकरातून आलेला ‘एसएसजी ५९-३’, तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा ‘सीओएफएस २९’ आणि ‘बायफ बाजरा-१’ ही त्यातील परिचित नावे. त्यांची पहिली कापणी साधारण ५० ते ६० दिवसांनी आणि पुढच्या कापण्या पाच ते सहा आठवड्यांच्या अंतराने मिळतात. बाजरी यात थोडी लवकर येते.

बहुकापणीत पीक फुटते ते खाली राहिलेल्या बुडख्यावरच्या डोळ्यांतून. त्यामुळे विळा जमिनीलगत न चालवता १० ते १५ सेंटिमीटरचे बुडखे राखावे लागतात. चार बोटे जास्त चारा मिळावा म्हणून जमिनीबरोबर कापले, तर पुढची कापणी हातची जाते. प्रत्येक कापणीनंतर पाणी आणि नत्राचा हप्ता द्यावा लागतो, हाही खर्च हिशेबात धरावा. पुन्हा फुटलेली ज्वारी कोवळी असताना विषारी असते. त्याकडे पुढे येऊ.

किती क्षेत्र पेरावे?

बहुतेक ठिकाणी गणित चुकते ते इथेच. पाऊस झाला की एक एकर मका एकाच दिवशी पेरला जातो. ६५ दिवसांनी तो सगळा एकाच वेळी तयार होतो. पहिले पंधरा दिवस जनावरांना उत्तम चारा मिळतो, पुढचे पंधरा दिवस जून झालेला आणि त्यानंतर निव्वळ बाटूक. जनावर पाने ओरपते, दांडे गव्हाणीत पडून राहतात. चारा पिकला भरपूर, पण अंगी लागला थोडा.

हिशेब गुंठ्यात केला की सोपा होतो. एकरी २०० क्विंटल म्हणजे एका गुंठ्याला पाच क्विंटल, अर्थात ५०० किलो. सुमारे ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला वजनाच्या साधारण तीन टक्के, म्हणजे १२ किलो शुष्क पदार्थ लागतात. त्यातील दोन-तृतीयांश, म्हणजे आठ किलो, चाऱ्यातून यावेत. फुलोऱ्यातील हिरव्या मक्यात शुष्क भाग जेमतेम २० टक्के, बाकी पाणी. म्हणजे २० किलो हिरवा चारा दिला तरी त्यातून चार किलोच शुष्क पदार्थ मिळतात. उरलेले चार किलो कडबा, भुसकट किंवा वाळलेल्या गवतातून द्यावे लागतात. ‘हिरवे पोटभर आहे, वाळलेले कशाला’ हा समज म्हणूनच चुकीचा.

आता पाच जनावरे धरू. रोज प्रत्येकी २० किलो म्हणजे १०० किलो, पंधरा दिवसांना १,५०० किलो. तीन गुंठ्यांत ते भागते. नासधूस आणि कमी उतारा धरून चार गुंठे ठेवावेत. म्हणजेच पाच जनावरांसाठी दर पंधरा दिवसांनी चार गुंठे पेरणी. एका वाफ्यात पेरणीपासून शेवटच्या पेंढीपर्यंत ८० दिवस आणि मशागतीचे दहा दिवस धरले, तर तो तीन महिन्यांनी पुन्हा पेरणीला मोकळा होतो. दर पंधरवड्याला एक असे सहा वाफे, म्हणजे एकूण २४ गुंठे. बारमाही पाणी असेल तर एवढ्या जागेत पाच जनावरांच्या हिरव्या चाऱ्याचा फेरा फिरत राहतो. चार गुंठ्यांना मक्याचे बियाणे लागते फक्त तीन किलो. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा दोन वाफे ओट किंवा लसूणघासाला द्यावेत.

कोरडवाहू शेतकऱ्याला हा फेरा जमणार नाही. त्याच्या हाती खरिपाची एकच संधी असते. त्याने कडवळ किंवा बाजरी एकदम पेरून लागेल तेवढी हिरवी वापरावी आणि उरलेली वेळेत कापून वाळवावी किंवा मुरघासात घालावी.

खत किती, पाणी किती?

पेरणीआधी एकरी चार-पाच गाड्या कुजलेले शेणखत मिळाले तर उत्तम. मक्यासाठी एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि २० किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. गोण्यांच्या भाषेत सांगायचे तर ४५ किलोच्या सुमारे दोन गोण्या युरिया, ५० किलोच्या अडीच गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. स्फुरद आणि पालाश पेरणीवेळीच द्यावे. युरियाची एक गोणी पेरताना आणि दुसरी ३० दिवसांनी, जमिनीत ओल असताना द्यावी. माती परीक्षणाचा अहवाल हाताशी असेल तर त्याप्रमाणे मात्रा बदलावी. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. पहिले ३० दिवस शेत तणमुक्त राहिले की पुढे दाट पीकच तणाला डोके वर काढू देत नाही.

मक्यावर २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळीचे संकट आले आहे. पोंग्यातील पाने खाऊन ती पिकाची वाढच खुंटवते. चारा पिकावर रासायनिक फवारणी शक्यतो टाळावी, कारण ते पीक थेट दावणीला जाणार असते. कामगंध सापळे, अंडीपुंज वेचणे आणि सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी यांवर भर द्यावा. नाइलाजाने कीटकनाशक वापरलेच, तर डब्यावर दिलेला प्रतीक्षा काळ उलटल्याशिवाय एक पेंढीही जनावरापुढे टाकू नये. औषध चोळलेले उरलेले बियाणे जनावरांना घालणे हाही जिवाशी खेळ ठरतो.

कापणी केव्हा करावी?

पीक जितके वाढते तितके वजन वाढते. पण त्याबरोबर प्रथिने घटतात आणि दांड्यातील काष्ठमय भाग वाढून पचनीयता कमी होते. लवकर कापले तर चारा पौष्टिक, पण पाणीदार आणि कमी. उशिरा कापले तर वजन भरपूर, पण पोषण कमी. दोन्हींचा मेळ बसतो तो फुलोऱ्याच्या सुमारास. कडवळ निम्मे फुलोऱ्यात असताना, मका तुऱ्यावर आल्यापासून दाण्यात दूध भरेपर्यंत आणि बाजरी पोटरीतून कणीस बाहेर पडू लागताच कापावी.

कापलेला चारा कडबाकुट्टीतून काढून दिला तर जनावराला पाने निवडून दांडे टाकता येत नाहीत. कोरड्या चाऱ्यावर असलेल्या जनावराला हिरवा चारा एकदम भरपूर घातला तर शेण पातळ होते, पोट फुगते. आठ-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवावे आणि कुट्टीत वाळलेला चारा मिसळावा.

‘किरळ लागणे’ म्हणजे काय?

ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावर अचानक कोसळते, त्याला गावाकडे ‘किरळ लागली’ म्हणतात. ज्वारी आणि सुदान गवताच्या कोवळ्या पानांत ‘धुरिन’ नावाचे द्रव्य असते. पान चावले, चुरगळले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजेच सायनाइड मोकळे होते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटात ही क्रिया आणखी वेगाने होते. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीरातील पेशींना तो वापरताच येत नाही. त्यामुळे जनावर धापा टाकते, लाळ गळते, अंग थरथरते, तोल जातो, झटके येतात. डोळ्यांच्या आतला आणि हिरड्यांचा भाग लालभडक दिसतो. मात्रा मोठी असेल तर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत जनावर दगावते.

धोका केव्हा असतो, हे नेमके ठाऊक असायला हवे. पीक ३०-४० दिवसांपेक्षा लहान, गुडघ्या-मांडीएवढे असताना. पावसाअभावी सुकून खुरटलेले असताना. लांबलेल्या उघडिपीनंतर पाऊस पडून नवी फूट आली असताना. ज्वारी काढल्यावर बुडख्यांना पोंगे फुटले असताना. आणि युरियाची मात्रा जास्त झाली असताना. यातली उघडिपीनंतरची फूट सर्वांत फसवी. रान हिरवेगार दिसते, जनावर कित्येक दिवसांनी हिरवे पाहून तुटून पडते आणि भुकेल्या पोटी भराभर खाल्लेलेच जास्त बाधते.

खबरदारी फार अवघड नाही. कडवळ निम्मे फुलोऱ्यात आल्याशिवाय जनावरापुढे घालू नये. उन्हाळी पिकाला ताण पडला असेल तर एक-दोन पाणी देऊन, पीक सावरल्यावरच कापावे. ज्वारीच्या खोडव्यात जनावरे मोकळी सोडू नयेत. कापलेला चारा उन्हात नीट वाळवला किंवा त्याचा मुरघास केला की विषाचे प्रमाण बरेच घटते. नव्या शेतातील चाऱ्याबद्दल शंका असेल तर आधी वाळलेल्या चाऱ्याने जनावराची भूक भागवावी आणि हिरवा थोडाच द्यावा.

लक्षणे दिसताच तो चारा सगळ्याच जनावरांपुढून काढावा आणि पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही उताऱ्याची औषधे शिरेतून द्यावी लागतात. मात्रा पशुवैद्यकच ठरवू शकतो. घरगुती उपायांत गेलेली पंधरा मिनिटे जनावराच्या जिवावर बेततात. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेची मदत मागता येते. हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवलेला चांगला.

मका-बाजरीत विष नाही, मग धोका नाही का?

आहे, पण वेगळा. नत्राची मात्रा जास्त झाली आणि त्याच वेळी पाण्याचा ताण पडला किंवा आभाळ सलग अनेक दिवस झाकोळलेले राहिले, तर पिकाने शोषलेले नत्र प्रथिनात बदलत नाही. ते नायट्रेटच्या रूपात दांड्यात, विशेषतः बुडाकडच्या भागात साठते. मका, ज्वारी, बाजरी या तिन्हींत हे घडते. अशा चाऱ्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच जाते. किरळीत रक्त लालभडक दिसते, तर नायट्रेटच्या बाधेत ते चॉकलेटी होते आणि हिरड्या निळसर-तपकिरी दिसतात. दोन्हींवरचे औषध वेगळे असल्याने हा फरक पशुवैद्यकाला आवर्जून सांगावा.

सायनाइड वाळवल्याने घटते, नायट्रेट मात्र वाळल्या चाऱ्यातही तसेच राहते. म्हणून ‘वाळवले आहे, आता चालेल’ हा नियम इथे लागू पडत नाही. मुरघासात ते काही प्रमाणात कमी होते. युरिया दिल्यानंतर लगेच कापणी करू नये, ताणानंतर पाऊस झाला तर काही दिवस थांबावे, शंका असेल तेव्हा दांडा वरून कापून बुडखा शेतातच सोडावा आणि असा चारा दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडा-थोडाच द्यावा.

गवताला चवळीची जोड कशासाठी?

मका असो वा कडवळ, ऊर्जा भरपूर, पण प्रथिने कमी. मक्याच्या हिरव्या चाऱ्यात शुष्क भागाच्या आठ-दहा टक्के प्रथिने असतात. चवळीसारख्या द्विदल चाऱ्यात त्याच्या दीडपट ते दुप्पट. मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ घेतली तर दोन्ही साधारण एकाच वेळी कापणीला येतात आणि कुट्टीत आपोआप मिसळतात. चवळी हवेतील नत्र मुळांवरच्या गाठींत स्थिर करत असल्याने जमिनीलाही फायदा. पेंडीचे भाव चढे असताना शेतातच पिकलेली ही प्रथिने थेट खुराकाच्या खर्चात बचत करतात. चवळीसाठी राहुरीचा ‘श्वेता’ हा चाऱ्याचा वाण उपलब्ध आहे.

जास्तीच्या चाऱ्याचे काय करायचे?

खरिपात चारा उतू जातो आणि मार्चनंतर पेंढीला पैसे मोजावे लागतात. ही दरी मुरघास भरून काढतो. त्यासाठी मका फुलोऱ्यात न कापता दाणा दुधाळ अवस्थेतून चिकात जाईपर्यंत, साधारण ८० ते ९० दिवस, थांबावे. तेव्हा शुष्क भाग ३० ते ३५ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. कुट्टीचा गोळा मुठीत घट्ट दाबून पाहावा. पाणी गळले तर चारा अजून ओला आहे, गोळा लगेच फुटला तर वाळला आहे आणि तळहात फक्त ओलसर होऊन गोळा सावकाश उलगडला तर वेळ अचूक साधली आहे.

एक ते दोन सेंटिमीटरची कुट्टी थरावर थर दाबत भरावी. हवा राहिली की बुरशी आलीच. एका घनमीटरमध्ये साधारण ५०० ते ६०० किलो मुरघास बसतो. पाच जनावरांना रोज प्रत्येकी १५ किलोप्रमाणे उन्हाळ्याचे ९० दिवस काढायचे तर पावणेसात टन लागेल. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच बांधीव हौद, म्हणजे १२ घनमीटर, त्यासाठी जवळपास पुरतो. एवढा मका पंधरा-सोळा गुंठ्यांत पिकतो. हौद परवडत नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशव्याही चालतात. फक्त उंदीर-घुशींनी पाडलेले भोक त्याच दिवशी बुजवावे. ४५ ते ५० दिवसांत मुरघास तयार होतो. त्याला आंबट-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग येतो. काळा पडलेला, बुरशी आलेला किंवा कुजकट वासाचा थर काढून टाकावा. गाभण जनावराला तो मुळीच देऊ नये.

बियाणे घेताना आणि पेरताना शेवटचे काय लक्षात ठेवावे?

चारा पिकाचे बियाणे बरेचदा ‘कोणतेही चालेल’ म्हणून घेतले जाते. पिशवीवर वाणाचे नाव, उगवण क्षमता आणि मुदत पाहावी, पावती घ्यावी आणि पीक निघेपर्यंत लेबल जपून ठेवावे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून चार-पाच दिवसांत किती उगवले ते मोजले की अंदाज येतो. ऐंशीपेक्षा कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे किंवा बदलावे.

थोडक्यात, पाणी आणि कसदार जमीन असेल तर मका. पावसाचा भरवसा नसेल पण जमीन बरी असेल तर कडवळ. माळरान असेल तर बाजरी. आणि पाणी साचत असेल तर मकचरी. कडवळ पेरणाऱ्याने मात्र एक नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा. जनावरे सोडणारा अनेकदा घरातला शाळकरी मुलगा किंवा म्हातारे आजोबा असतात आणि किरळ लागते ती बहुतेक वेळा त्यांच्याच नकळत. कणीस दिसेपर्यंत त्या रानात जनावर जाता कामा नये.